काळ्या रंगाचे सहा हात

मित्रांनो, गाडीचा दिवा तुम्ही पाहिला असेल, चाक पाहिले असेल, आरशाला टांगलेले खेळणेही पाहिले असेल. मला मात्र कुणी पाहिलेले नसते. मला पाहायचे तर पाठीवर झोपून गाडीखाली सरकावे लागते आणि तेवढी हौस फार थोड्यांना असते. मी एका फोर-व्हील गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसवलेला लोखंडी गोळा. मला डिफरन्शियल म्हणतात. आता मी कुठल्याच गाडीखाली नाही. एका गॅरेजच्या दारात पडून आहे आणि माझ्या डोक्यावर काळ्या रंगाचा एक डबा ठेवलेला असतो. तो डबा माझ्याच डोक्यावर का, हे ऐकून तुम्हाला राग येईल. यायलाच हवा.

आधी माझे काम समजून घ्या. दोघे जण हातात हात घालून चालले आहेत आणि कोपऱ्यावर वळले, तर आतल्याला कमी चालावे लागते आणि बाहेरच्याला जास्त. चाकांचेही तसेच असते. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून माझ्यापर्यंत येते. मी ती दोन्ही चाकांना वाटून देतो आणि वळणावर ज्याला जितके फिरायचे तितके फिरू देतो. पुढच्या चाकांमध्ये माझा एक भाऊ होता. चिखल किंवा खडी चढण आली की एक दांडी ओढून त्याला कामाला लावत. वर्षातले दहा महिने तो नुसता सोबतीला यायचा आणि गाडीला फोर-व्हील हे नाव मात्र त्याच्यामुळे मिळाले. असो. भावाबद्दल फार बोलू नये.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझे अंग तयार केले. आत दोन दातेरी चाके बसवली, एक ताटाएवढे आणि एक मुठीएवढे. या दोघांना कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच आकडा ठोकतात. एक बिघडले तर दुसरेही काढून टाकतात, इतका त्यांचा संसार घट्ट. त्यांचे दात कोरडे पडू नयेत म्हणून माझ्या पोटात जाड तेल भरले. त्या तेलाला नासक्या अंड्यासारखा वास येतो, पण ते नसेल तर मी तासाभराचाही सोबती नाही. दांडा जिथून माझ्यात शिरतो तिथे तेल बाहेर येऊ नये म्हणून रबराची एक कडी बसवली. तिला सील म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी माझ्या पाठीवर एक बारीक भोक ठेवून त्यावर बोटाच्या पेराएवढी सैल टोपी बसवली. बसवणाऱ्या कारागिराने ती बोटाने दोनदा हलवून पाहिली आणि मला पुढे ढकलले.

ही टोपी लक्षात ठेवा. धावताना मी तापतो. तापलो की पोटातली हवा फुगते आणि त्या टोपीखालून बाहेर पडते. गार झालो की तेवढीच हवा परत आत येते. माझा श्वास म्हणतात तो एवढाच.

माझी गाडी जनावरांच्या दवाखान्याची होती. डोंगरातल्या वस्तीवर कुणाची गाय अडली, कुणाच्या शेळ्यांना ताप आला की आम्ही निघायचो. पुढे डॉक्टरीणबाई, मागे औषधांची पेटी, दोरखंड आणि एक बादली. चालवायला सोळा वर्षे एकच माणूस. त्याचे खरे नाव हजेरीपटावर होते, पण सगळे त्याला सावकाश म्हणत. गाडी सुरू करताना तो स्वतःशीच "सावकाश" असे म्हणायचा आणि मग खरोखरच तशी चालवायचा. एकदा शाळेतून घरी जाणारी मुले पायी त्याच्या पुढे गेली आणि वळून त्याला टाटा करत राहिली, असे लोक सांगत. तो स्वतःही हसायचा. "पोचलो ना? मग झालं," एवढेच म्हणायचा.

मित्रांनो, या माणसाने मला माणसासारखे वागवले. चढ संपला की तो गाडी बाजूला घ्यायचा, खाली वाकून माझ्यावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "तापलास रे. बस जरा." दर शनिवारी सकाळी माझ्या बाजूचा स्क्रू उघडून करंगळी आत घालायचा. करंगळीला तेल लागले की ठीक, नाही तर वरून भर. त्याच्या त्या करंगळीचे नख कायमचे काळे झाले होते. घरी त्याच्या बायकोने त्याचा टॉवेलच वेगळा ठेवला होता. एक म्हातारा शेतकरी एकदा म्हणाला होता, "डॉक्टर हुशार आहेत, पण आमची गाय या गाडीने वाचवली." ते ऐकून मी आठवडाभर फुगून होतो.

आता मिस्त्रीबद्दल सांगतो. सांगताना माझ्या तोंडाला कडवटपणा येईल, तर तो तुम्ही सहन करा.

दवाखान्यापासून दोन वळणांवर त्याचे गॅरेज. वर पत्रा, मध्ये गाडीखाली उभे राहण्यासाठी खणलेला लांबट खड्डा. भिंतीवर नट आवळायचे पाने टांगलेले आणि प्रत्येक पान्याच्या मागे त्याच आकाराची काळी आकृती रंगवलेली, म्हणजे कोणता जागेवर नाही ते चटकन कळावे. मिस्त्री साठीचा होता. खांदा दुखावल्यापासून जड काम त्याची मुलगी करायची. ती पस्तिशीची, हाताने कणखर आणि बोलायला कमी. लोक तिला थट्टेने छोटे मिस्त्री म्हणत आणि अवघड काम मात्र तिच्याकडूनच करून घेत.

मिस्त्रीची एक पद्धत होती. काम संपले की दुरुस्त केलेला भाग घासूनपुसून त्याला काळ्या रंगाचा एक हात द्यायचा आणि घट्ट केलेल्या नटवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. रेघ मोडलेली दिसली तर नट हलला, हे लांबून कळावे. बाकी मेकॅनिक गाडी जशी मळकी आली तशी परत देत. मिस्त्रीचे काम खाली वाकून पाहिले तरी चमकायचे. "माझ्या हातचं काम शोधावं लागत नाही," तो म्हणायचा. रंग देण्याचे काम तो मुलीला कधी देत नसे. दुखऱ्या खांद्याने स्वतः खड्ड्यात उतरायचा.

खोटे कशाला बोलू, मला तो रंग आवडायचा. पुढच्या भावाला तो मिळत नसे, कारण त्याचे कधी काही बिघडतच नसे. मी नवऱ्या मुलासारखा नटून दवाखान्यात परत यायचो आणि गंजलेल्या भावाकडे तिरप्या डोळ्याने बघायचो. त्या मिजाशीची शिक्षा मी पुरेपूर भोगली.

मिस्त्री खालून हात वर घालून ब्रश फिरवायचा. माझी पाठ त्याला दिसायची नाही. तिथे ब्रशाला एक उंचवटा लागायचा. बोल्टचे डोके असेल, असे तो समजायचा. गंज पहिल्यांदा बोल्टला धरतो, म्हणून त्या जागी दोनदा जास्त ब्रश फिरवायचा. पहिल्या हातात माझी टोपी एका बाजूने चिकटली. दुसऱ्या हातात तिची कड बुजली. तिसऱ्यानंतर सुईएवढी फट उरली. चौथ्या वेळी मागच्या ब्रेकचे काम झाले, नेहमीसारखा रंग दिला आणि ती फटही गेली. त्या दिवशी मिस्त्री हात पुसत माझ्याकडे किती कौतुकाने बघत होता.

भांड्यावर घट्ट झाकण दाबून खाली जाळ केला तर वाफ कुठून तरी वाट काढणारच. मी तापायचो, हवा फुगायची, वर जायला जागा नाही. मग ती तेलाला ढकलायची आणि तेल सीलच्या कडेने थेंब थेंब बाहेर पडायचे. मी गळू लागलो.

नेमके त्याच सुमारास दवाखान्यात नवे साहेब आले. त्यांनी आल्या आल्या व्हरांड्यापुढच्या जागेत पांढऱ्या फरश्या बसवून घेतल्या होत्या. सोमवारी सकाळी त्या फरशीवर बशीएवढा तेलाचा डाग पडला.

"हे काय आहे?" साहेबांनी सावकाशला विचारले.

"तेल आहे साहेब. मागून गळतंय."

"ते मला दिसतंय. चूक कोणाची, ते विचारतोय."

गाडी गळते म्हणजे कुणाची तरी चूक असलीच पाहिजे, हा विचार सावकाशला नवा होता. त्याने फरशी साबणाने घासली आणि गाडी गॅरेजला आणली. मिस्त्रीने सील बदलले आणि रंग दिला. पाचवा हात. तीन महिन्यांत मी पुन्हा गळलो. आता साहेबांनी लेखी विचारणा केली की गाडीची निगा राखली जाते की नाही. सावकाशच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरले होते. तीस वर्षांत त्याच्या नावावर एक ओरखडा नव्हता. तो कागद त्याने घडी करून लायसन्सच्या पाकिटात ठेवला आणि गॅरेजमध्ये येऊन म्हणाला, "मिस्त्री, या वेळी पक्कं करा हो. शेवटी शेवटी डाग नको लागायला."

त्या वेळी मुलीने माझी खरी तपासणी केली. तिने मला रॉकेलने धुतले, ब्रशाने सांधे मोकळे केले, कापडाने कोरडे पुसले. मग घरातून अंगाला लावायची पावडर आणली आणि माझ्या अंगभर भुरभुरली. गुलाबाचा वास होता तिला. माझ्या नासक्या वासात तो मिसळला तेव्हा गॅरेजमध्ये उभे राहवेना. ती सावकाशला म्हणाली, "काका, पुलाच्या पलीकडचा चढ चढून या. मध्ये थांबू नका."

परत आल्यावर ती खड्ड्यात उतरली. पांढऱ्या पावडरीवर सीलच्या तोंडापासून एकच तपकिरी ओघळ उतरला होता. बाकी कुठे काही नाही. एवढ्यावर कुणीही थांबले असते. तिने मात्र मी गरम असतानाच बाजूचा स्क्रू सैल केला. फुस्स करून हवा सुटली, पावडर उडाली आणि तेलाचे शिंतोडे तिच्या गालावर आले. मित्रांनो, किती महिन्यांनी मी श्वास सोडला होता.

"बाबा, आत दाब धरलाय याने," ती म्हणाली. "हवा जायला कुठेतरी वाट ठेवलेली असेल ना? ती बुजली असेल."

"तेल गरम आहे, फुसफुसणारच," मिस्त्री वरून म्हणाला. "ओघळ कुठून आला?"

"सीलमधून."

"मग सील गेलं. तूच तर दाखवलंस."

"तीन महिन्यांपूर्वीच बदललंय बाबा."

"हल्ली माल हलका येतो. पुन्हा बदल." दारात दोन गिऱ्हाईके उभी होती. त्यांच्याकडे बघून तो हसला. "पस्तीस वर्षं या गाड्यांखाली झोपतोय मी. वर हात फिरवलाय. तिथं बोल्टाशिवाय काही नाही. तुला जास्त कळतं की मला?"

गिऱ्हाईकेही हसली. मुलीने गालावरचे तेल बाहीला पुसले आणि पाना हातात घेतला. चार बोटे वर सरकवली असती तर तिला ती टोपी लागली असती. मी आतून नुसता तडफडत होतो, पण लोखंडाला तोंड नसते. तिने पुन्हा नवे सील बसवले. काम इतके नेटके झाले की त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मग मिस्त्री खाली उतरला आणि त्याने मला सहावा हात दिला. निघताना ती सावकाशला हळूच म्हणाली, "काका, चढ संपला की गार होऊ द्या बरं का याला."

"ते तर मी करतोच गं," तो म्हणाला.

दोन महिने त्याने ते केले. चढ संपला की थांबायचा, तळहात ठेवायचा, वाट बघायचा. मी कसाबसा तग धरला. मग एका दुपारी निरोप आला की सगळ्यात लांबच्या वस्तीवर एक गाय सकाळपासून अडली आहे. मोठा घाट चढून आम्ही माथ्यावर आलो. सावकाशने सवयीने गाडी बाजूला घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज थांबू नका. हातची गाय जाईल." त्याने एकदा आरशात मागे पाहिले आणि गाडी तशीच उताराला लावली. सोळा वर्षांत तो माथ्यावर थांबला नाही असे तेव्हा पहिल्यांदा झाले.

उताराच्या मध्यावर सील उखडून बाहेर आले. माझे सगळे तेल रस्त्यावर सांडत गेले. आत दात दातावर कोरडे घासू लागले. मी किंचाळलो तेव्हा त्याने ब्रेक लावायला घेतला होता, पण माझी बेअरिंग फुटली आणि मागची चाके जागच्या जागी आवळली. गाडी सरपटत जाऊन कडेच्या चरात आडवी झाली. दुसरा कुणी चालवत असता तर आम्ही दरीत असतो. त्याचा वेग इतका कमी होता की डॉक्टरीणबाईंच्या मनगटावरच निभावले. ते मोडले. तिकडे गाय गेली आणि वासरूही गेले.

साहेबांनी मिस्त्रीकडे लेखी मत मागितले. मिस्त्रीचे अक्षर वाईट, म्हणून पत्र नेहमी मुलगी लिहायची. मी तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यात, गाडीखालून काढून ठेवलेला. सगळे माझ्यासमोर झाले.

"लिही," मिस्त्री म्हणाला. "सील नवीन होते आणि योग्य रीतीने बसवले होते. गाडी घाटात न थांबवता जोरात रेटल्यामुळे बिघाड झाला."

मुलीने पेन उचलले. "जोरात? सावकाशकाका?"

"तो थांबला नाही, हे बाईंनीच सांगितलंय."

"थांबले नाहीत, एवढंच लिहू."

"आणि मग माझं सील दोन महिन्यांत का उखडलं, असं साहेब विचारतील तेव्हा काय सांगू? दवाखान्याच्या सगळ्या गाड्या दुसरीकडे जातील. उद्या बाजारात लोक म्हणतील, मिस्त्रीचं काम गळतं. लिही जोरात."

तिने लिहिले. तो शब्द तिने इतका दाबून लिहिला की कागद फाटायला आला. खाली मिस्त्रीने सही केली. आठवड्याभरात सावकाशला कामावरून काढले. कारण लिहिले होते, बेदरकार वाहनचालन. मित्रांनो, सावकाशला! निवृत्तीला तेरा महिने उरले असताना.

त्यानंतर काही दिवसांनी, सुटे भाग वेगळे करायला म्हणून मुलीने मला टेबलावर घेतले. आतली दातेरी चाके उष्णतेने निळी पडली होती. ती मोजून ठेवल्यावर तिने माझे रिकामे अंग उलटे केले आणि लोखंडी पट्टीने रंग खरवडायला लागली. माझी पाठ पहिल्यांदाच कुणाच्या डोळ्यांसमोर आली होती. पट्टी त्या उंचवट्याला अडली. रंगाचा एक जाड तुकडा उडाला आणि खाली टोपीची कड दिसली.

तिचा हात थांबला. तिने टोपीभोवतालचा रंग टाचणीने सोडवला, टोपी पकडीने उपसली, भोकाला तोंड लावून फुंकले. हवा गेली नाही. तारेने भोक मोकळे केले आणि पुन्हा फुंकले, तेव्हा तिचा श्वास माझ्या पोटातून आरपार गेला. मग तिने तो उडालेला तुकडा उचलून खिडकीकडे धरला. कापलेल्या कांद्यासारखे त्याचे पदर दिसत होते. तिने नखाने मोजले. सहा.

मिस्त्री जेवून आला तेव्हा तिने काही न बोलता टोपी, तार आणि तो तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तुकडा उजेडात धरून पदर मोजले. पस्तीस वर्षं गाड्यांखाली घालवलेला माणूस तो, त्याला समजावून सांगावे लागले नाही.

"गंज धरू नये म्हणून रंग देत होतो मी," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे बाबा."

"कोणाला सांगणार आहेस?"

"मी नाही. तुम्ही सांगणार आहात. साहेबांना जाऊन सांगा, काका परत कामावर येतील."

"उद्या जातो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले, पहिल्या वळणापर्यंत गेला आणि परत आला. साहेब नसतील, म्हणाला. तिसऱ्या दिवशीही शर्ट घातला. चौथ्या दिवशी घातला नाही.

पाचव्या दिवशी सावकाश स्वतःच आला. गाडीत राहिलेला गॅरेजचा एक पाना परत करायला आला होता. त्याने तो भिंतीवरच्या त्याच्या आकृतीवर नीट टांगला. मग मी दिसल्यावर सवयीने वाकला आणि माझ्यावर तळहात ठेवला. मी थंडगार होतो.

"मिस्त्री, तुमच्यावर राग नाही माझा," तो म्हणाला. "पत्रात लिहिलंत ते बरोबरच असेल. रोज आठवून बघतो. त्या दिवशी मी थांबलो नाही. कदाचित उताराला जरा दाबलीही असेल गाडी. बाईंचं मनगट, ती गाय... माझ्याच हातून झालं."

मिस्त्री ब्रश धूत होता. एक वाक्य बोलायचे होते. रस्ता मोकळा होता, मागून कुणी हॉर्न वाजवत नव्हते. तो मुलीला म्हणाला, "चहा टाक काकांना."

मुलगी चहा टाकायला गेली नाही. ती पुढे आली आणि तिने रंगाचा तुकडा सावकाशच्या हातात ठेवला. "काका, तुम्ही काही दाबली नव्हती. याची हवा जायची वाट बंद होती. रंगाने बंद झाली होती. आमच्या रंगाने. हे सहा हात बघा. आणि ते जोरात मी लिहिलंय, माझ्या हाताने."

सावकाशने तुकडा काळ्या नखाने चाचपला. मग तो मिस्त्रीकडे वळून उभा राहिला आणि वाट बघू लागला. मित्रांनो, त्याला वाट बघता यायची. घाटाच्या माथ्यावर सोळा वर्षे तो माझ्यासाठी तशीच वाट बघत आला होता. मिस्त्री ब्रश धूत राहिला. रॉकेल काळे झाले, तरी तो धूतच होता.

"मी आलो होतो तुमची माफी मागायला," सावकाश म्हणाला. आवाज चढला नव्हता. त्याने तो तुकडा शर्टाच्या खिशात लायसन्सशेजारी ठेवला आणि निघून गेला.

त्याच संध्याकाळी मुलीने साहेबांना दुसरे पत्र लिहिले. सगळे खरे लिहिले आणि बापापुढे सहीला ठेवले. "पस्तीस वर्षांचं नाव आहे," मिस्त्री म्हणाला आणि उठून गेला. तिने स्वतःची सही करून पत्र दिले. साहेबांनी ते वाचून तिला बोलावले. "पहिल्या पत्राखाली मिस्त्रींची सही आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याखाली नाही. मी कोणतं धरू? आणि अक्षर तर दोन्हीकडे तुमचंच आहे." ती परत आली, रंगाचा डबा उचलला आणि माझ्या डोक्यावर आणून ठेवला. खरवडलेली पाठ आणि उघडे भोक वर करून मला दारात ठेवले आहे ते तिनेच. डबा उचलायचा तर माझ्याकडे बघावेच लागते.

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, पुसा, हवा तर रंगही द्या. पण एखादी गोष्ट दोनदा दुरुस्त करूनही गळत राहिली तर तिसऱ्यांदा तेच करण्याआधी तिच्या पाठीवरून एकदा नजर फिरवा. तिथे आपल्याच ब्रशाची खूण निघू शकते. आणि निघाली, तर ती चूक दुसऱ्याच्या नावावर एक दिवसही राहू देऊ नका. माझे दात बदलून मिळाले असते. त्या माणसाचे तेरा महिने आणि तीस वर्षांचे नाव कुठल्या दुकानात मिळेल?

गॅरेज जोरात चालले आहे. दवाखान्याची नवी गाडी इथेच येते आणि तिचा नवा ड्रायव्हर वळणावर सुद्धा वेग कमी करत नाही. काल ती आली होती. मुलगी समोर नव्हती. मिस्त्रीने माझ्या डोक्यावरचा डबा उचलला आणि खड्ड्यात उतरला. रंग देण्याआधी त्याने त्या गाडीच्या डिफरन्शियलच्या पाठीवर बोटे फिरवून टोपी शोधली, फडक्याने पुसली, तिच्यावर कागदाची पुंगळी बसवली आणि भोवतीने हलक्या हाताने ब्रश फिरवला. मग कागद काढला आणि टोपी बोटाने दोनदा हलवून पाहिली. अगदी माझ्या कारखान्यातल्या त्या कारागिरासारखी.

वर आला तेव्हा रस्त्याच्या पलीकडून सावकाश पायी चालला होता. हातात भाजीची पिशवी. पूर्वीइतकाच हळू चालत होता, पण रस्ता ओलांडायच्या जागी येऊन उभा राहिला आणि दोन्हीकडे गाडी नसतानाही बराच वेळ तसाच उभा राहिला. मिस्त्रीने त्याला पाहिले. डबा माझ्या डोक्यावर ठेवला, झाकण लावले, ते अंगठ्याने सगळीकडून दाबून घट्ट केले आणि आत गेला. त्याला आता सगळे काम येते. एक वाक्य तेवढे अजून येत नाही.